गॅपचं कारण काय लिहू? तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं कॉलेज

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलाबाहेर एका टायपिंगवाल्याच्या टेबलाशी आम्ही दोघं उभे होतो. मी आणि तिशी ओलांडलेला एक मुलगा. 'मुलगा' म्हणतो, कारण त्याला एफवायबीएला प्रवेश घ्यायचा होता आणि मी शिक्षक आहे. बारावी होऊन बरीच वर्षं गेली होती, म्हणून कॉलेजनं गॅप सर्टिफिकेट मागितलं होतं. म्हणजे मधल्या वर्षांत शिक्षण का थांबलं आणि दुसरीकडं कुठं प्रवेश घेतला नव्हता, हे सांगणारं प्रतिज्ञापत्र.

टायपिंगवाल्याकडं नमुना तयार होता. "गॅपचं कारण काय लिहू? घरगुती अडचण टाकतो, सगळी तेच लिहितात." त्यानं प्रिंट काढली. मुलानं ती सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचली. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. 'सदर कालावधीत मी कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सहभागी नव्हतो.'

"सर, ह्याच्यावर सही करू व्हय?"

त्या गॅपमधली सात वर्षं त्यानं कारागृहात काढली होती. आम्ही ती ओळ काढून टाकायला सांगितली आणि कारणाच्या जागी 'वैयक्तिक कारणामुळे शिक्षणात खंड पडला' असं लिहून घेतलं. कॉलेजला एवढंच पुरतं आणि यात खोटं काही नाही. दोन मिनिटांचं काम. पण आदल्या वर्षी हाच मुलगा असल्याच एका टेबलावरून, हीच ओळ वाचून, एकटाच परत गेला होता. त्याचं एक वर्ष त्या ओळीनं खाल्लं.

मी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारी समंत्रक म्हणून शिकवतो. माझ्या वर्गात गवंडी असतात, होमगार्ड असतात, लग्नानंतर पंधरा वर्षांनी वही हातात धरलेल्या बायका असतात आणि अधूनमधून सुटून आलेला एखादा माणूसही असतो. या लोकांचं कॉलेज नेमकं कुठं अडतं, याबद्दल बाहेर बराच गैरसमज आहे. सगळ्यांना वाटतं, कायदाच आडवा येत असणार. कायदा क्वचित येतो. आडवे येतात ते कागद, मोबाईल नंबर, रात्री झोपायची जागा आणि आपल्या नजरा.

आधी आत काय असतं ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ म्हणजे पाऊणशे टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे, ज्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही. शिक्षा लागली की तो पक्का. शिक्षणाचं चित्र असं की दर चौघांत साधारण एक जण निरक्षर असतो आणि बाकीच्यांतही दहावीच्या आत शाळा सुटलेलेच जास्त. तेव्हा 'तुरुंगातून कॉलेजात' म्हणताना बऱ्याच जणांसाठी मधे दहावी-बारावीचा घाट आहे हे विसरता येत नाही. तो सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून चढता येतो किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत.

पदवीचं शिक्षण आतच सुरू करता येतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रं राज्यातल्या अनेक कारागृहांत आहेत. इग्नू बंद्यांकडून शुल्क घेत नाही. महाराष्ट्रात दहावी, बारावी, पदवी अशी एकेक पायरी पार करणाऱ्या पक्क्या कैद्याला शिक्षेत ९० दिवसांपर्यंतची विशेष माफीही मिळू शकते. यावर लोक म्हणतात, "मग काय, माफीसाठीच शिकतात." शिकू देत की! आमच्या कॉलेजातली पोरं तरी कुठं निव्वळ ज्ञानासाठी येतात? माणूस कशानं का होईना पुस्तकाशी बसला, की पुढचं पुस्तक बघून घेतं. मी हे होताना पाहिलंय.

खरी तूट गेटाशी होते. आत प्रवेश घेतलेल्या माणसाचं अभ्यासकेंद्र म्हणजे ते कारागृह. जामीन झाला की आदेश येतो आणि माणूस त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर. पुस्तकं बराकीत राहतात, नाहीतर दुसऱ्याला देऊन येतो. पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक त्याला पाठ नसतो. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली असते आणि त्याचं नाव कारागृहाच्या केंद्रावर असतं. अभ्यासकेंद्र बदलून मिळतं, त्यासाठी अर्ज असतो, पण हे त्याला सांगणार कोण? एक जण माझ्याकडं आला तेव्हा त्याच्याजवळ फक्त एक जुनं हॉल तिकीट होतं. घामानं मऊ पडलेलं, चार घड्यांचं, शर्टाच्या खिशात जपून ठेवलेलं. त्यावरचा नंबर कसाबसा वाचता येत होता. तेवढ्यावर त्याचं पहिलं वर्ष वाचलं. म्हणून आत कुणी नातेवाईक शिकत असेल तर कारागृहात मुलाखतीला, म्हणजे भेटीला, गेल्यावर त्याचा पीआरएन एका कागदावर लिहून घ्या आणि घरात ठेवा. हा या लेखातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी सल्ला आहे.

पदवीच कशाला, एखादा धंदा शिकला तर लवकर पोटाला लागेल, असं मला नेहमी विचारतात. प्रश्न बरोबर आहे. कारागृहात सुतारकाम, शिवणकाम, बेकरी असतेच. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू काही वर्षं कळंब्याच्या कारागृहातल्या हातांनी वळले गेले, हे कोल्हापुरात बहुतेकांना माहीत आहे. हातातलं काम हवंच. पण सुटून आलेल्या माणसाला गावात रोज एक प्रश्न येतो, "काय करालायस सध्या?" त्याला 'कॉलेजला जातोय' असं उत्तर असणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्याला आठवड्याचा एक आखीव कार्यक्रम मिळतो. जुन्या कट्ट्यापेक्षा वेगळी चार माणसं मिळतात. आणि ज्याला वर्षानुवर्षं नुसता आकडा म्हणून मोजलं, त्याच्या मताला कुणीतरी गुण देतं, समासात 'हा मुद्दा आणखी फुलवा' असं लिहितं. माझ्या एका विद्यार्थ्यानं तो शेरा असलेला गृहपाठ परत मागून नेला होता. बायकोला दाखवायचा होता.

हे फक्त भावनेचं नाही, मोजलेलंही आहे. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेनं २०१३ साली तिथल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा तुरुंगात जाण्याची शक्यता, न शिकलेल्यांच्या मानानं, १३ टक्के-बिंदूंनी कमी निघाली. हाच निष्कर्ष '४३ टक्के कमी' असाही सांगितला जातो. दोन्ही आकडे त्याच अहवालातले आहेत, मोजायची रीत वेगळी. पहिला समजायला सोपा, शंभर माणसांमागं तेरा माणसं जास्तीची बाहेर राहिली असं म्हणा. शिक्षणावर घातलेल्या एका डॉलरमागं पुन्हा कैदेत ठेवण्याचे चार ते पाच डॉलर वाचतात, असाही हिशोब त्यांनी मांडला. अर्थात जो शिकायला बसतो त्याच्यात सुधारायची इच्छा आधीच जास्त असणार, हा आक्षेप राहतोच. तरीही तेरा माणसं, तेरा घरं, आणि ज्यांच्यावर गुन्हा घडला नाही अशी आणखी कितीतरी माणसं. मला हा आकडा लहान वाटत नाही.

त्याच अमेरिकेनं उलटा प्रयोगही करून पाहिला. १९९४ च्या कायद्यानं तिथल्या कैद्यांना पेल ग्रँट ही गरीब विद्यार्थ्यांची सरकारी मदत बंद केली आणि तुरुंगातले कॉलेजचे वर्ग भराभर बंद पडले. जुलै २०२३ पासून ती मदत पुन्हा सुरू झाली. मधे जवळजवळ तीस वर्षं गेली. पण मला तिथली दुसरी एक गोष्ट जास्त शिकण्यासारखी वाटते. जॉन आयर्विन नावाचा माणूस सशस्त्र दरोड्यासाठी पाच वर्षं तुरुंगात होता. सुटला, शिकला, समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९६७ साली त्यानं सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये 'प्रोजेक्ट रिबाउंड' सुरू केला. कल्पना साधी होती. कॉलेजच्या आवारातच एक खोली, तिथं स्वतः तुरुंग पाहून आलेली माणसं बसलेली, आणि सुटून येणाऱ्याला प्रवेशाच्या फॉर्मपासून सगळ्यात मदत. आज कॅलिफोर्नियाच्या राज्य विद्यापीठाच्या अनेक आवारांत हे काम चालतं. त्या खोलीतल्या माणसाला आपली कहाणी पहिल्यापासून सांगत बसावी लागत नाही, एवढ्यानंच निम्मं ओझं उतरत असणार.

आता कायद्याचं. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला बीए, बीकॉम, बीएस्सीला घेऊ नये असा कायदा आपल्याकडं नाही. खटला चालू असलेल्याला तर नाहीच नाही. अडचण पुढं, नोकरीच्या तोंडाशी येते, आणि ती कोर्स निवडायच्या आधी समजून घ्यायला हवी. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी असते. तिथं जुनी केस लपवणं सर्वांत धोक्याचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात याचे निकष घालून दिले. माहिती दडवली तर लागलेली नोकरी जाऊ शकते. खरी सांगितली तरी नेमणूक द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडं राहतो, पण गुन्ह्याचं स्वरूप, निकाल काय लागला हे त्यानं पाहायचं असतं. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. झेरॉक्स नव्हे, प्रमाणित प्रत.

वकील व्हायचं बऱ्याच जणांच्या मनात असतं. साहजिक आहे, वर्षानुवर्षं त्यांनी वकिलाचीच वाट पाहिलेली असते. वकील कायदा १९६१ च्या कलम २४-अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याची सनद अडते, पण सुटकेला दोन वर्षं झाल्यावर ही अपात्रता संपते. हे ठाऊक नसल्यानं लोक लॉचा विचारच सोडून देतात. ज्यांना कोर्टानं शिक्षेऐवजी १९५८ च्या परिविक्षा म्हणजे प्रोबेशन कायद्याखाली सोडलं, त्यांना त्या कायद्याच्या कलम १२ मुळं दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही. आणि जे अठराच्या आत असताना अडकले, त्यांना बाल न्याय कायद्याचं कलम २४ असंच संरक्षण देतं. सोळा ते अठरामधला, अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेला तेवढा अपवाद.

कायदा इथं संपतो आणि ओटीपी सुरू होतो.

हे मी जरा खुलवून सांगतो, कारण बाहेरच्या माणसाच्या हे लक्षातच येत नाही. माणूस पाच वर्षं आत होता. त्याचं सिमकार्ड बंद पडलं आणि कंपनीनं तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला. आधार त्या जुन्या नंबराला जोडलेलं आहे. प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन. ओटीपी जातो कागलच्या किंवा नागपूरच्या कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर. आधारचा नंबर बदलायला आधार केंद्रावर अंगठा द्यायला जावं लागतं, तिथं रांग. बँकेचं खातं दोन वर्षं व्यवहार नसल्यानं निष्क्रिय झालंय. ते चालू करायला केवायसी, केवायसीला पत्त्याचा पुरावा, आणि रेशनकार्डावरून भावांनी नाव कमी केलेलं. खातं चालू नाही म्हणून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज पुरा होत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसील, जातीच्या दाखल्याला पुन्हा तेच. प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न, "इतकी वर्षं कुठं होता?" आणि प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपते.

यातलं कुठलंच काम अवघड नाही. सगळी मिळून माणसाला जमिनीवर आणतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नवीन सिम, त्याच आठवड्यात आधारला नवा नंबर, मग बँकेचं केवायसी, मग शाळेतून दाखल्याची आणि बोर्डातून गुणपत्रिकेची दुसरी प्रत. बारावीपर्यंतचे कागद हाती आले की मगच कॉलेजचा फॉर्म. सुटका जानेवारीत झाली असेल तर जूनची वाट बघत बसू नका, हे चार-पाच महिने याच कामाला लागतात. पैशाच्या बाजूला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मागास प्रवर्गांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आहेत, आणि महिला व बालविकास विभागाकडं सुटलेल्या बंद्यांसाठी अर्थसाहाय्य आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटायचं असतं. वकिलाची गरज असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. आधी दुसऱ्या विद्यापीठात शिक्षण सुरू झालं असेल तर मिळालेली क्रेडिट, ती साठवून ठेवणाऱ्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत आहेत का तेही पाहा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती जास्तीत जास्त ७ वर्षं धरली जातात.

एक शब्द या सगळ्या गोष्टीत पुन्हा पुन्हा येतो, हजेरी. जामिनावर असलेल्याला कोर्टानं अनेकदा अट घातलेली असते, अमुक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी. माझ्या एका विद्यार्थ्याची हजेरी रविवारी सकाळी अकराला होती आणि आमचं संपर्क सत्र रविवारी सकाळी दहाला. तो दोन महिने निम्म्या तासाला उठून जायचा, कारण सांगायचा नाही. मी एकदा चिडलो. मग तो दारात थांबला आणि सगळे गेल्यावर बोलला. मला आजही त्या चिडण्याची लाज वाटते. ती अट बदलून मिळावी म्हणून न्यायालयाकडं अर्ज करता येतो. त्याच्या वकिलानं तो केला, वार बदलला. तारखांचंही तसंच. १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच भाऊसिंगजी रोडवर सुरू झाल्यापासून अपिलासाठी मुंबईच्या खेपा वाचल्या. नाहीतर एका तारखेसाठी कॉलेजचे तीन दिवस जायचे.

हजेरी हा शब्द कोल्हापूरला जुना ओळखीचा आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला, आणि जन्मानं गुन्हेगार ठरलेल्या माणसांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ साली ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी जवळ केलं, राहायला जागा दिली, पहाऱ्याच्या कामावर नेमलं. ज्यांच्यापासून जपायचं असं लोक म्हणत, त्यांच्याच हातात राखण दिली. देशाच्या कायद्यातून तो शिक्का निघायला १९५२ उजाडलं.

आणि महाराजांनी दुसरी एक गोष्ट ओळखली होती. नुसती शाळा काढून पोरगं शिकत नाही, त्याला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून पुढं एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकात उभं राहून चारी बाजूंना पाहिलं तरी ते दिसतं. सुटून आलेल्या माणसाला आज नेमकी हीच गरज आहे. ज्या गल्लीत भांडण झालं त्याच गल्लीत परत राहायला गेला, तर त्याचा अभ्यास होत नाही, जीवही सांभाळावा लागतो. भाड्याची खोली मागायला गेला तर घरमालक पोलीस पडताळणी म्हणतो. शिवाजी विद्यापीठात 'कमवा आणि शिका'ची परंपरा आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली. त्या कर्मवीरांनीही याच शहरात पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणाच्या काळात कोठडी पाहिली होती. आपल्या शेजारी आटपाडीला स्वतंत्रपूरची खुली वसाहत १९३९ सालापासून आहे, तिथं बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. म्हणजे विश्वास टाकून पाहण्याचा प्रयोग आपल्याच मातीत झालेला आहे. एखाद्या बोर्डिंगनं दोन खाटा या लोकांसाठी ठेवल्या तर कुठल्याही नव्या कायद्याची गरज पडणार नाही.

कॉलेजांना मी एवढंच सांगेन. एक माणूस नेमा. प्राध्यापक, ग्रंथपाल, ऑफिसातला अनुभवी क्लार्क, कुणीही. त्याचा मोबाईल नंबर कारागृहातल्या शिक्षकांकडं आणि परिविक्षा अधिकाऱ्यांकडं असू द्या. विद्यार्थ्याची केस त्याच्यापाशीच राहू द्या, स्टाफरूममध्ये नको. तारखेला गेलेल्या दिवसाचा लेखी पुरावा घेऊन हजेरीत सांभाळून घ्या. आणि कृपा करून सत्कार करू नका. एका कॉलेजनं, नाव घेत नाही, पदवी मिळाल्यावर अशा एका विद्यार्थ्याचा फोटो मोठ्या डिजिटल बोर्डावर लावला, 'कारागृह ते कॉलेज' असं लिहून. हेतू चांगलाच होता. त्याच्या मुलीला शाळेत कळलं. तोवर तिला बाबा मुंबईला कामाला होते असं सांगितलेलं होतं.

ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांचं काय, हा प्रश्नही मला विचारतात, आणि तो टाळायचा नाही. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेनं काही मिळत नाही. मी त्या घरी जाऊन शिक्षणाचे फायदे सांगणार नाही. पण शिक्षा किती, हे न्यायालयानं ठरवलं आणि ती त्यानं भोगली. त्यावर खिडकीखिडकीवर आणखी थोडीथोडी शिक्षा द्यायचं काम आपल्याला कुणी दिलेलं नाही.

गॅप सर्टिफिकेटवाला मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास घेतलाय. सकाळी मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची भरणी करतो, अकराच्या तासाला बसतो, हाताला गुळाचा वास असतो. परवा त्यानं विचारलं, पुढच्या जूनमध्ये त्याच्या बराकीतले दोघं सुटणार आहेत, त्यांचे पीआरएन त्यानं लिहून आणलेत, केंद्र बदलायचा अर्ज आत्ताच भरून ठेवता येईल काय? भरून ठेवता येत नाही, सुटल्यावरच द्यावा लागतो. कोरे अर्ज मात्र मी त्याच्याकडं दिलेत.